घरडाघराच्या फॉर्मवरचा सातवा प्रश्न

वृद्धाश्रमाला गुजरातीत ‘घरडाघर’ म्हणतात. आम्ही बडोदेकर मराठी बोलतानाही तोच शब्द वापरतो. ‘वृद्धाश्रम’ म्हटलं की समोरचा चेहरा पाडतो. ‘घरडाघर’ म्हटलं की निदान पत्ता तरी विचारतो. गेल्या पावसाळ्यात मावशीसाठी मी अशा एका ठिकाणचा फॉर्म आणला. नाव, वय, आधार, जवळच्या नातेवाइकाचा फोन असं सगळं झाल्यावर सातवा प्रश्न होता: ‘अरजदार पोतानुं काम जाते करी शके छे?’ म्हणजे स्वतःचं स्वतः करता येतं का. पुढे दोन चौकटी, हा आणि ना.

‘ना’वर खूण केली असती तर पुढचं पान उलटायची गरजच नव्हती. ऑफिसातले काका अगदी सज्जन होते. चहा मागवला आणि म्हणाले, “बेन, चालतं-फिरतं माणूस असेल तर आजच खोली दाखवतो. पण खाटेवरच्या माणसाचं करायला आमच्याकडे बायका नाहीत. इथे राहता राहता कुणी अंथरुणाला खिळलं तरी आम्ही घरच्यांना फोन करतो, घेऊन जा म्हणतो.”

मावशी त्र्याऐंशी वर्षांची. दांडिया बाजारात जुन्या घरात पहिल्या मजल्यावर एकटी राहायची. मोरीत पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आता वॉकर धरून खाटेपासून खिडकीपर्यंत जाते. संडासला न्यायला माणूस लागतं, रात्री कूस बदलायलाही लागतं. डोकं मात्र लख्ख. ती धडधाकट होती, एकटी मांडवीपर्यंत जाऊन भाजी आणत होती, तेव्हा त्या काकांनी तिला हसत खोली दिली असती. तेव्हा तिला ती नको होती.

तिचा मुलगा, म्हणजे माझा मावसभाऊ, न्यू जर्सीत असतो. त्याला हे सांगितल्यावर तो स्पीकरवर म्हणाला, “मग एखादं चांगलं नर्सिंग होम बघ ना, ताई.” खाटेवरून मावशी ओरडली, “परत नर्सिंग होम? टाके तर कधीच निघाले!” चूक दोघांचीही नव्हती. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे दहा-पंधरा खाटांचं खाजगी हॉस्पिटल. बाळंतपणाला जातात, अपेंडिक्सला जातात, आठवड्यात परत येतात. त्याच्या अमेरिकेत नर्सिंग होम म्हणजे जिथे म्हातारं माणूस महिनोन्‌महिने, कधी शेवटपर्यंत राहतं ती जागा. शब्द एकच, मधे अख्खा समुद्र.

मी बँकेत तीस वर्षं काढली. त्यामुळे एखादी गोष्ट कळत नसली की मी आधी विचारते, पैसे कोण भरतं? वेगवेगळ्या देशांत म्हाताऱ्या माणसांना संस्थेत ठेवून सांभाळण्याची व्यवस्था कशी चालते, हे मी त्याच वाटेनं शोधत गेले आणि बरंचसं उलगडलं.

तीन बिलं

आधी शब्दांचा गुंता सोडवू. ‘वृद्धाश्रम’ या एका पिशवीत आपण चार वेगळ्या वस्तू कोंबतो. निराधारांना आसरा देणारी धर्मादाय जागा. पैसेवाल्या निवृत्तांची क्लब हाउस आणि बाग असलेली सोसायटी. थोडीशी मदत लागणाऱ्यांचं वसतिगृह. आणि चौथी, जिथे चोवीस तास अंगाचं करावं लागतं ती जागा. परदेशी बातम्यांत ‘दीर्घकालीन निवासी काळजी’ म्हणतात ती बहुतेक वेळा ही चौथी वस्तू असते. आपल्याकडे पाट्या दिसतात त्या मुख्यतः पहिल्या दोन प्रकारांच्या. त्यामुळे ‘त्यांच्याकडे इतके वृद्धाश्रम, आपल्याकडे इतके कमी, म्हणजे आपली संस्कृती थोर’ हा हिशोब आंबे आणि आमसुलं एकत्र मोजण्यासारखा आहे.

देश कुठलाही असो, अशा जागी राहणाऱ्या माणसाच्या नावावर महिन्याला तीन बिलं फाटतात. कधी एकाच कागदावर, कधी वेगवेगळी. पहिलं राहण्या-जेवणाचं: खोली, वीज, चहा, दोन वेळचं ताट. दुसरं सेवेचं: उठवणं, बसवणं, आंघोळ, डायपर, भरवणं, पाठ सोलू नये म्हणून दर दोन तासांनी कूस वळवणं, रात्री हाक मारली की येणारं माणूस. तिसरं औषधपाण्याचं: डॉक्टर, नर्स, गोळ्या, तपासण्या.

पहिलं बिल माणूस घरी राहिला तरी असतंच. तिसरं बिल बऱ्याच श्रीमंत देशांत आरोग्य व्यवस्था किंवा विमा उचलतो. खरी मारामारी दुसऱ्यावर आहे. कारण ते सगळ्यात मोठं असतं आणि शतकानुशतकं ते बिल म्हणून कुणी फाडलंच नव्हतं. सून, लेक, बायको यांच्या हातून ते फुकट होत होतं.

ते मोठं का, तेही सोपं आहे. चोवीस तास म्हणजे आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या, आठवड्याला एकवीस. एक बाई आठवड्याला सहा पाळ्या करते. म्हणजे एका खाटेमागे साडेतीन बायका, त्याही कुणाला ताप न येता, कुणाकडे लग्न न निघता. संस्थेला हे परवडतं ते एकाच गोष्टीमुळे: रात्री एक माणूस अनेक खाटा बघतं. किती खाटा, हा प्रश्न मनात ठेवा, त्याकडे परत येते.

आता कुठल्याही देशाबद्दल दोनच गोष्टी विचारायच्या. दुसरं बिल कोण भरतं? आणि हे बिल फाडायची गरज आहे की नाही, ते कोण ठरवतं?

जपान: आधी घोळ, मग कायदा

जपानबद्दल मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण आपला प्रश्न त्यांना आपल्या आधी पडला आणि त्यात सासू-सून दोघी होत्या.

१९७३ मध्ये जपाननं सत्तरीपुढच्यांना वैद्यकीय उपचार फुकट केले. म्हणजे तिसरं बिल शून्य, दुसरं मात्र पूर्ण कुटुंबाच्या अंगावर. लोकांनी काय केलं असेल? दुसरं बिल तिसऱ्यात सरकवलं. उपचार संपले तरी म्हातारी माणसं महिनोन्‌महिने हॉस्पिटलात राहू लागली, कारण हॉस्पिटलात करायला नर्स होत्या आणि घरी कुणी नव्हतं. याला तिकडे ‘सामाजिक भरती’ असं नाव पडलं. आपल्याला हे नवं नाही. “डॉक्टर, मेडिक्लेम आहे, अजून चार दिवस ठेवा ना,” हे वाक्य मी मावशीच्या वेळी स्वतः म्हटलं आहे.

मग १९९७ मध्ये कायदा झाला आणि एप्रिल २००० पासून दीर्घकालीन काळजीचा सक्तीचा विमा सुरू झाला. चाळिशी उलटलेल्या प्रत्येकानं हप्ता भरायचा. पासष्टीपुढच्यांचा हप्ता गावागणिक वेगळा. २०२४ ते २०२६ या काळासाठी देशाची सरासरी महिना ६,२२५ येन. व्यवस्थेचा साधारण अर्धा पैसा हप्त्यांतून येतो, अर्धा करांतून.

गरज ठरवायची रीत मला फार आवडली. नगरपालिकेचा माणूस घरी येतो आणि ७४ मुद्दे तपासतो. कूस बदलता येते का? एका पायावर क्षणभर उभं राहता येतं का? पायजमा चढवता येतो का? नखं कापता येतात का? जन्मतारीख सांगता येते का? आत्ता कुठला ऋतू चालू आहे? पैशांचा व्यवहार जमतो का? उत्तरं कॉम्प्युटरमध्ये जातात, अशा माणसाला दिवसाला किती मिनिटं मदत लागेल याचा अंदाज निघतो, मग डॉक्टरचं मत जोडून एक समिती पायरी ठरवते. पायऱ्या सात: पहिल्या दोन हलक्या आधाराच्या, पुढच्या पाच काळजीच्या. जशी पायरी तशी सेवेची मर्यादा. मुलं किती आहेत, सून घरी असते का, हे पायरी ठरवताना मोजत नाहीत. सेवेच्या बिलातला दहावा हिस्सा स्वतः भरायचा. उत्पन्न जास्त असेल तर २० किंवा ३० टक्के. संस्थेत राहणाऱ्यांना खोली आणि जेवणाचा खर्च ऑक्टोबर २००५ पासून वेगळा द्यावा लागतो, कमी उत्पन्नवाल्यांना त्यात सूट मिळते. म्हणजे मी म्हणते ती पहिली दोन बिलं जपान सरकारनं चक्क कायद्यानं सुटी केली.

आणि आता सातवा प्रश्न. तिथल्या सार्वजनिक धर्तीच्या मोठ्या केंद्रांत एप्रिल २०१५ पासून नव्यानं प्रवेश साधारणपणे काळजीच्या तिसऱ्या पायरीपासून पुढेच मिळतो. म्हणजे उठणं-बसणं, संडास, आंघोळ हे एकट्यानं जमेनासं झालेलं माणूस. आमचे बडोद्याचे काका म्हणाले, जमत असेल तर या. जपान म्हणतो, जमत नसेल तर या. इमारत तशीच, खाटा तशाच, दारावरची अट नेमकी उलटी. रांग मात्र त्यांच्याकडेही आहे: २०२२ च्या सरकारी पाहणीत तिसऱ्या आणि त्यापुढच्या पायऱ्यांवरची अडीच लाखांच्या आसपास माणसं जागेची वाट बघत होती.

सुनेची गोष्ट राहिली. विमा आखताना वाद झाला की घरीच करणाऱ्या नातेवाइकाला रोख रक्कम द्यावी का. जपानमधल्या महिला संघटनांनी विरोध केला. त्यांचं म्हणणं होतं की हातात पैसे पडले की घरचे म्हणणार, आता तर सरकार तुला पगार देतंय, मग कर. सून अजूनच जखडली जाणार. शेवटी जपाननं रोख नाकारली, सेवाच द्यायची ठरवली. कमाटीबागेत सकाळी चालायला येणाऱ्या माझ्या मैत्रिणींना मी हे सांगितलं. चारपैकी तिघींनी टाळ्या वाजवल्या. चौथी म्हणाली, “मला तर पंधरा वर्षं दोन्ही मिळालं नाही, पैसे पण नाही न् बाई पण नाही.”

जर्मनीची अर्धी छत्री

जर्मनीनं हा विमा जपानच्या आधी, १९९५ मध्ये सुरू केला, आणि रोख द्यायची की सेवा यावर उलटं उत्तर दिलं: तुमचं तुम्ही ठरवा. २०१७ पासून तिथे पाच श्रेणी आहेत. तपासनीस शंभरपैकी गुण देतो. हालचालींना १० टक्के वजन, समज आणि वागणूक मिळून १५, खाणं-आंघोळ-संडास यांना सर्वांत जास्त ४०, औषधं-उपचार सांभाळण्याला २०, दिवसाचं वेळापत्रक आणि माणसांशी संबंध याला १५. जितके गुण जास्त तितकी श्रेणी वरची. या परीक्षेत पास होणं ही दुःखाची गोष्ट आहे.

२०२५ च्या दरानं तिसऱ्या श्रेणीच्या माणसाचं घरीच केलं तर महिना ५९९ युरो रोख मिळतात. संस्थेत गेलं तर विमा १,३१९ युरो उचलतो. ऐकायला छान. पण संस्थेतल्या माणसाच्या खिशातून पहिल्या वर्षी महिना सरासरी ३,००० युरोंच्या आसपास जातात. कारण विमा दुसऱ्या बिलाचाही एक भागच देतो. उरलेली सेवा, जेवण-खोली, आणि शिवाय इमारतीच्या गुंतवणुकीचा हिस्सा ज्याचा त्यानं भरायचा. जितकी वर्षं राहाल तितकी सेवेच्या हिश्श्यात सवलत वाढत जाते, पहिल्या वर्षी १५ टक्के, तीन वर्षांनंतर ७५. तरी छत्री अर्धीच. ज्यांना जमत नाही त्यांचं सरकारी मदतीतून भागवतात, आणि २०२० पासून मुलांकडे वसुली करायची तर मुलाचं वार्षिक उत्पन्न एक लाख युरोंच्या वर असावं लागतं.

एक गंमत, किंवा गंमत म्हणायची की नाही ते तुम्ही ठरवा. जर्मनीत मूल नसलेल्यांना हा हप्ता जास्त बसतो. मूळ दर पगाराच्या ३.६ टक्के, त्यातला साधारण अर्धा मालक भरतो. निपुत्रिकांसाठी एकूण ४.२. त्यामागे तिथल्या घटनात्मक न्यायालयाचा २००१ चा निकाल आहे: ज्यांनी मुलं वाढवली त्यांनी पुढच्या पिढीचे हप्तेवाले घडवले, म्हणजे त्यांनी एका अर्थी आधीच भरलं आहे. आपल्याकडे ‘म्हातारपणाची काठी’ म्हणतात तीच कल्पना त्यांनी टक्केवारीत बसवली. फरक इतकाच की तिथे तुमची काठी शेजाऱ्यालाही आधार देते.

आणि ‘परदेशात म्हाताऱ्यांना टाकून देतात’ हे वाक्य ज्यांच्या तोंडी असतं त्यांच्यासाठी: २०२३ च्या अखेरीस जर्मनीत काळजीची गरज अधिकृतपणे मान्य झालेले लोक सुमारे ५७ लाख होते. त्यातले संस्थेत सुमारे आठ लाख. बाकीचे घरी, बहुतेक घरच्यांच्याच हातात.

घर विकायचं का?

इंग्लंडची पद्धत ऐकून मावशीनं कानाला हात लावले. तिथे उपचार फुकट, पण सेवेसाठी आधी तुमची मालमत्ता मोजतात. शिल्लक २३,२५० पौंडांच्या वर असेल तर सगळं तुमचं तुम्ही भरा. हा आकडा २०१० पासून हललेला नाही, महागाई तेवढी हलली. एकटं माणूस कायमचं संस्थेत गेलं तर त्याचं राहतं घरही यात धरतात. नवरा किंवा बायको त्या घरात राहत असेल तर नाही. लगेच विकायचं नसेल तर स्थानिक परिषद घरावर उधारी ठेवते आणि मागाहून वसूल करते. आयुष्यभरात एका माणसाला जास्तीत जास्त ८६,००० पौंड सेवेवर भरावे लागतील अशी मर्यादा घालायचं ठरलं होतं. ते आधी पुढे ढकललं, मग जुलै २०२४ मध्ये नव्या सरकारनं रद्दच केलं. शेजारच्या स्कॉटलंडमध्ये २००२ पासून अंगाच्या सेवेचा खर्च सरकार देतं, मालमत्ता न मोजता. एकाच राज्यात दोन कायदे. सरहद्दीच्या कुठल्या बाजूला राहता यावर दुसरं बिल कोण भरणार ते ठरतं.

इंग्लंडकडून शिकायची आणखी एक गोष्ट. सदर्न क्रॉस नावाची तिथली एक प्रचंड कंपनी होती, ७०० हून जास्त केंद्रं, सुमारे ३१,००० राहणारे. तिनं इमारती विकून त्याच भाड्यानं घेतल्या होत्या. भाडं वाढत गेलं, सरकारी पैसे आटले, आणि २०११ मध्ये कंपनी कोसळली. एवढ्या माणसांना रस्त्यावर न आणता दुसऱ्या चालकांकडे सोपवताना सगळ्यांची धावपळ झाली. तेव्हा संस्था निवडताना बागेपेक्षा आधी जागा कुणाच्या मालकीची आहे ते विचारावं, असं माझं बँकेतलं डोकं सांगतं.

अमेरिकेबद्दल मावसभावाशी माझा छोटासा वाद झाला. तो म्हणाला, “आईला इकडेच घेऊन येतो, पासष्टीपुढे सरकारी विमा असतो.” असतो, पण ग्रीन कार्ड घेऊन सलग पाच वर्षं राहिल्याशिवाय तिला तो घेता येणार नाही. आणि घेतला तरी मेडिकेअर, म्हणजे हा सरकारी विमा, तिसऱ्या बिलाचा आहे, दुसऱ्याचा नाही. हॉस्पिटलातून थेट नर्सिंग होममध्ये गेलं, तेही उपचारांची गरज असेल तरच, तर शंभर दिवसांपर्यंत मदत मिळते. पूर्ण खर्च पहिल्या वीस दिवसांचाच, नंतर रोजचा हिस्सा स्वतः भरायचा. शंभरानंतर काही नाही. नर्सिंग होमचा स्वखर्च वर्षाला एक लाख डॉलरच्या वर जातो. तो भरता भरता माणूस कफल्लक झाला, बऱ्याच राज्यांत हातात २,००० डॉलरच उरले, की मग गरिबांची योजना मेडिकेड पुढे येते. तिथल्या नर्सिंग होममधल्या दर दहापैकी साधारण सहा जणांचं बिल हीच योजना भरते. म्हणजे जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशात म्हातारपणी सांभाळलं जाण्यासाठी आधी गरीब व्हावं लागतं. आणि पैसे आधीच मुलाच्या नावावर करून ठेवले असं चालत नाही. मागच्या पाच वर्षांचे व्यवहार तपासतात. भाऊ थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “ताई, हे मला माझ्यासाठी पण बघायला हवं.” तो स्वतः एकसष्टचा आहे.

नेदरलँड्स आणि स्वीडनवर मी थोडक्यात उरकते, कारण तिथलं चित्र साधं आहे: कर भरपूर, बदल्यात सेवा भरपूर. नेदरलँड्समध्ये हा सक्तीचा विमा १९६८ पासून आहे, जगात पहिला. २०१५ मध्ये त्याची वाटणी करून संस्थेतली चोवीस तासांची काळजी तेवढी राष्ट्रीय विम्याकडे ठेवली. अ‍ॅमस्टरडॅमजवळ वेस्पला २००९ मध्ये होगेवेक नावाची वस्ती उभी राहिली. तिथे राहणारे सगळे स्मृतिभ्रंशाचे, सहा-सात जणांचं एकेक घर, आत दुकान, हॉटेल, चौक. दुकानातली विक्रेतीही काळजी घेणाऱ्यांपैकीच, साध्या कपड्यांत. स्वीडनमध्ये संस्थेतली खोली भाडेकरारानं मिळते, छोट्या ओट्यासह. दार लोटून आत यायचं तर आधी टकटक. मुलांवर कायद्यानं जबाबदारी नाही. इतकं असूनही २०२० च्या साथीत तिथल्या वृद्धकेंद्रांत फार माणसं गेली, आणि सरकारनंच नेमलेल्या आयोगानं त्याच वर्षी डिसेंबरात सांगितलं की वृद्धांचं रक्षण करण्यात आपण कमी पडलो.

रात्री किती जणी?

मघाच्या प्रश्नाकडे येते. संस्था चांगली की वाईट हे कशावरून ओळखायचं? इंग्लंडमध्ये सरकारी तपासनीस चार शेरे देतात, अमेरिकेत २००८ पासून पाचपैकी तारे मिळतात. पण सगळ्याच्या मुळाशी माणसांची संख्या असते. अमेरिकेनं २०२४ मध्ये नियम केला की प्रत्येक राहणाऱ्यामागे दिवसाला किमान ३.४८ तास नर्स आणि मदतनीस मिळालेच पाहिजेत. चालक कोर्टात गेले आणि २०२५ मध्ये नियम उडाला. साडेतीन तासही त्यांना जास्त वाटले. मी दिवसभर मावशीजवळ घड्याळ लावून बसले होते तेव्हा फक्त संडास, आंघोळ आणि भरवणं यातच तीन तास गेले होते.

माणसं कमी पडली की दोरी येते. मावशीच्या ऑपरेशननंतर एका ठिकाणी शेजारच्या खाटेवरच्या आजींचे दोन्ही हात ओढणीनं खाटेच्या दांड्याला बांधलेले मी पाहिले. नाकातली नळी ओढतात म्हणून, असं बाई म्हणाली. ती एकटी नऊ खाटा बघत होती. आजींच्या मनगटावर ओढणीच्या जरीची नक्षी उमटली होती. जपाननं विम्यातल्या संस्थांत असं बांधणं २००० मध्येच बंद केलं. तीन अटी एकाच वेळी पुऱ्या झाल्या तरच मुभा: धोका तातडीचा हवा, दुसरा उपाय उरलेला नसावा, आणि बांधणं थोड्या वेळापुरतंच. अमेरिकेत १९८७ च्या कायद्यानं सोयीसाठी बांधण्याला मनाई आहे. आता मी कुठलंही केंद्र बघायला गेले की बाग बघत नाही. विचारते, रात्री दोन वाजता इथे किती जणी जाग्या असतात? उत्तर लगेच आलं तर बरं. “सगळे असतात ना बेन,” असं आलं तर चहा पिऊन निघते.

आणि आपलं

आपल्याकडे २००७ चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा आहे. पुष्कळांना त्यातलं तेविसावं कलम ठाऊक असतं: सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता लिहून दिली आणि समोरच्यानं सांभाळलं नाही, तर ते लिहून देणं रद्द होऊ शकतं. अर्ज प्रांताच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे, वकिलाशिवाय. चांगला कायदा आहे. पण त्यात ‘निर्वाह’ म्हणजे काय ते वाचा: अन्न, वस्त्र, निवारा, आणि वैद्यकीय देखभाल व उपचार. पहिलं बिल आहे, तिसरं आहे. रोज अंगाचं करणाऱ्या माणसाचा उल्लेख नाही. शिवाय निर्वाहाची कमाल रक्कम महिना १०,००० रुपये. मावशीच्या चोवीस तासांच्या बाईला आम्ही ब्यूरोमार्फत बावीस हजार देतो, जेवणखाण वेगळं.

त्याच कायद्याचं एकोणिसावं कलम म्हणतं की राज्य सरकार दर जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान दीडशे जणांचा एक वृद्धाश्रम काढू शकेल. निराधार हा शब्द महत्त्वाचा. मावशीला घर आहे, पेन्शन आहे, अमेरिकेत मुलगा आहे. ती त्यात बसत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण मिळू लागलं. मोठी सोय आहे, मी मावशीचं कार्ड लगेच काढलं. पण ते हॉस्पिटलात भरती झालं तर. म्हणजे परत तिसरंच बिल. जपाननं १९७३ मध्ये जिथून सुरुवात केली साधारण त्याच उंबऱ्यावर आपण आहोत, आणि दुसऱ्या बिलापुढे आपल्याकडे अजून ‘घरचे बघतील’ एवढंच लिहिलेलं आहे. घरचे म्हणजे मी. माझं वय चौसष्ट, माझे गुडघे बोलतात.

यात एक उलटी गोष्ट मला सारखी टोचते. जर्मनीला माणसं कमी पडतात म्हणून २०२१ च्या डिसेंबरात त्यांनी केरळ सरकारशी करार करून तिथल्या नर्स न्यायला सुरुवात केली. म्हणजे कूस वळवणारे हात आपल्याकडे आहेत. ते तिकडे जातात कारण तिकडे दुसरं बिल फाडलं जातं, त्याला पगार असतो, रजा असते. आमच्या ब्यूरोच्या बाईला आठवड्याची सुट्टी मागताना आवाज खाली करावा लागतो, आणि तिला कूस वळवायला कुणी शिकवलेलं नाही. ती मावशीचं कोपर धरून ओढायची. शेवटी फिजिओथेरपीवाल्या मुलीनं येऊन दाखवलं की चादर घडी घालून पाठीखाली सरकवायची आणि चादर ओढायची, माणूस नाही.

परवा पाऊस होता, बाई दोन दिवस गावी गेली होती, मी मावशीजवळ राहायला होते. वेळ जाईना म्हणून जपानी प्रश्नांतले आठवतील तेवढे तिला विचारले. मावशी खुशीत आली, तिला वाटलं मी कौन बनेगा करोडपती खेळतेय.

“कूस बदलता येते?”

“नाही.”

“पायजमा?”

“मी कधी घातलाय?”

“नखं?”

“हाताची कापते. पायाची दिसत नाहीत.”

“जन्मतारीख?” तिनं तिथीसकट सांगितली. “आत्ता ऋतू कुठला?” तिनं खिडकीकडे बोट केलं, खाली रस्त्यावर गुडघाभर पाणी होतं.

“पैशांचा हिशोब जमतो?”

मावशीनं उशीखालून जुनी डायरी काढायला सांगितली. माझ्याकडून पान उघडून घेतलं, चष्मा लावला. “दूधवाल्याचे झाले. इस्त्रीवाला बाकी. आणि बाईच्या गेल्या महिन्यातल्या दोन सुट्ट्या तू कापल्या आहेस,” ती म्हणाली, “ते पैसे तिचे तिला परत दे.”